शरीराच्या आतले छायाचित्र : फिल्म सरस की डिजिटल?

‘दुर्बीण घालून तपासले’, ‘दुर्बिणीने पित्ताशय काढले’ ही वाक्ये आता खेड्यापाड्यांतल्या घरांतही ऐकू येतात. शब्दाकडे नीट पाहिले तर गंमत वाटते. दुर्बीण हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा अर्थ दूरचे पाहणारी. पण जठराचे किंवा मूत्राशयाचे अस्तर तपासणाऱ्या डॉक्टरांना दूरचे काही पाहायचे नसते. नळीच्या टोकापासून दोन-चार सेंटीमीटरवर असलेली ओली, लालसर, हलती भिंत त्यांना पाहायची असते. अडचण अंतराची नसते. वाकड्या वाटेची आणि अंधाराची असते. परिभाषेत या उपकरणाला अंतर्दर्शक म्हणतात. या लेखात आम्ही दोन्ही शब्द वापरणार आहोत.

अंतर्दर्शकातून दिसलेल्या दृश्याचे छायाचित्र घेण्यासाठी पूर्वी फिल्मचा कॅमेरा जोडत असत. आता डिजिटल कॅमेरा असतो, किंबहुना तो नळीच्या टोकातच बसवलेला असतो. या दोहोंत सरस कोणता, हा प्रश्न रुग्णालयांपुरता मिटलेला आहे. तरीही तो आम्ही इथे पुन्हा उघडत आहोत. याचे कारण असे, की डिजिटल कॅमेरा जिंकला हे सर्वांना माहीत असले, तरी तो का जिंकला याची जी कारणे सांगितली जातात ती बहुधा चुकीची किंवा अपुरी असतात. दोन साधनांची तुलना कशी करावी आणि कशी करू नये, हे शिकवण्यासाठी विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

तुलनेचा नेहमीचा तक्ता

अशा तुलनेत बहुतेक वेळा एक तक्ता असतो. एका रकान्यात फिल्म, दुसऱ्यात डिजिटल. पहिली ओळ सूक्ष्मतेची, म्हणजे चित्रात किती बारीक तपशील मावतो त्याची. मग किंमत, वेग, साठवण. शेवटी ज्याच्या बाजूला खुणा जास्त तो विजयी. भ्रमणध्वनी विकत घेताना ‘किती मेगापिक्सेल’ हा जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो याच तक्त्याची पहिली ओळ आहे.

या पद्धतीवर आमचा मुख्य आक्षेप असा : कॅमेरा हा एका साखळीतला केवळ एक दुवा आहे. दिवा, प्रकाश आत नेणारी वाट, आतली भिंत, टोकाचे भिंग, प्रतिमा बाहेर आणणारी वाट, मग कॅमेरा आणि शेवटी पाहणाऱ्याचा डोळा, अशी ही साखळी आहे. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते. कच्ची कडी कोणती हे न पाहता दोन पक्क्या कड्यांची आपापसांत तुलना करणे म्हणजे गळक्या बादलीने पाणी भरताना रहाटाच्या दोरांची मजबुती तपासत बसणे होय.

तंतू मोजून पाहू

जठरासारख्या वळणावळणाच्या अवयवात सरळ नळी जात नाही. १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंह कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखवले. कपानी हे पंजाबातील मोगा गावी जन्मलेले भारतीय शास्त्रज्ञ. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बेसिल हर्शोविट्झ यांनी जठर पाहण्याजोगा पहिला तंतू-अंतर्दर्शक वापरात आणला. प्रत्येक तंतूत प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे सरकतो आणि समोरच्या दृश्याचा एकच ठिपका पलीकडच्या टोकाला पोचवतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. शीतपेयाच्या शंभर-दीडशे नळ्या घट्ट बांधून त्यांची जुडी वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी धरा आणि वरून पाहा. प्रत्येक नळीतून एक ठिपका दिसतो, काळा किंवा पांढरा. मथळा वाचता येतो. त्याखालचा बारीक मजकूर मात्र डोळा कितीही ताणला तरी वाचता येत नाही, कारण तो नळ्यांनीच गाळून टाकलेला असतो.

आता हिशेब करू. समजा, तंतुजुडीत वीस हजार तंतू आहेत. त्यांचे वर्तुळ केले तर व्यासावर सुमारे १६० तंतू येतात. ही प्रतिमा फिल्मवर १२ मिलिमीटर व्यासाच्या तबकडीएवढी उमटवली, तर एका मिलिमीटरमध्ये सुमारे तेरा तंतू बसतील. चांगली रंगीत पारदर्शिका, म्हणजे स्लाइडची फिल्म, एका मिलिमीटरमध्ये चाळीस ते पन्नास रेषाजोड्या वेगळ्या दाखवू शकते. एका रेषाजोडीला दोन ठिपके धरले तर हे ऐंशी ते शंभर ठिपके झाले. म्हणजे फिल्मची बारकाई गरजेच्या सहापटींहून अधिक. या जास्तीच्या बारकाईचा उपयोग काय झाला? तंतूंची जाळी अधिक ठसठशीत उमटली, एवढाच. शिवाय २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीतला जेमतेम एक-अष्टमांश भाग त्या तबकडीने व्यापला. उरलेली फिल्म काळीच राहिली.

तेच चित्र डिजिटल संवेदकावर घ्यायचे तर प्रत्येक तंतूसाठी आडवे-उभे दोन-दोन चित्रबिंदू पुरतात. म्हणजे ३२० × ३२०, साधारण एक लाख चित्रबिंदू. आज ज्याला कुणी खेळण्यातही विचारणार नाही असा संवेदक तंतुजुडीपुढे पुरेसा ठरतो. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला डिजिटल कॅमेरा बनवला त्यात १०० × १००, म्हणजे दहा हजारच चित्रबिंदू होते आणि एक चित्र फितीवर नोंदायला २३ सेकंद लागत. तो इथे अपुरा पडला असता. पण त्याच्या पुढच्या पिढ्यांना फार लांब जावे लागणार नव्हते.

मात्र हा हिशेब सगळ्याच दुर्बिणींना लागू नाही. मूत्राशय, सांधे किंवा पोटाची पोकळी पाहण्यासाठी सरळ, ताठ अंतर्दर्शक चालतो. त्यात हॉपकिन्स यांनीच १९५९ च्या सुमारास मोठी सुधारणा केली. नळीतल्या हवेत छोटी भिंगे बसवण्याऐवजी त्यांनी काचेच्या लांब कांड्या बसवल्या आणि त्यांच्यामध्ये हवेची छोटी भिंगे राहू दिली. यातून मिळणारी प्रतिमा उजळ आणि अखंड असते, तिच्यात जाळी नसते. अशा दुर्बिणीला जोडलेला फिल्मचा कॅमेरा सुरुवातीच्या दूरचित्रवाणी पद्धतीच्या कॅमेऱ्याला सूक्ष्मतेत सहज मागे टाकत असे. आपल्याकडील पाल पद्धतीत दिसणाऱ्या रेषा ५७६ च होत्या. म्हणजे ‘फिल्म अधिक बारीक’ हे विधान ताठ दुर्बिणीबाबत दीर्घकाळ खरे होते आणि तंतू-दुर्बिणीबाबत निरर्थक होते. तक्त्यातल्या एका ओळीत हे दोन्ही कसे लिहिणार?

खरी टंचाई उजेडाची

अंतर्दर्शनाचा इतिहास हा मुळात उजेड आत नेण्याचा इतिहास आहे. १८०६ मध्ये फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी यांनी मेणबत्तीचा उजेड आरशाने वळवून शरीराच्या पोकळीत सोडला. १८७७ मध्ये मॅक्स नित्झे यांनी मूत्राशय पाहण्याच्या दुर्बिणीच्या टोकाशी विजेने तापणारी प्लॅटिनमची तार ठेवली आणि ती पाण्याने थंड राखली. याच नित्झेंनी १८९४ मध्ये मूत्राशयाच्या आतल्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. अंतर्दर्शक छायाचित्रणाला त्यामुळे सव्वाशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे.

उजेड वाढवला की उष्णता वाढते, आणि आत जिवंत ऊती आहेत. पुढे दिवा बाहेर ठेवून केवळ प्रकाश तंतूंतून आत नेला जाऊ लागला. याला ‘थंड प्रकाश’ म्हणतात. पण आत गेलेला उजेड परत येताना अगदी लहान छिद्रातून येतो. समजा, दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकातून बाहेर पडणारी प्रकाशशलाका २ मिलिमीटर जाड आहे आणि कॅमेऱ्याच्या भिंगाची नाभीय लांबी ५० मिलिमीटर आहे. मग भिंगावर एफ/२ असे कोरलेले असले तरी प्रत्यक्षात ते एफ/२५ चे काम करते. उजेड सुमारे दीडशेपट कमी झाला! प्रतिमा मोठी हवी म्हणून १०० मिलिमीटरचे भिंग लावले तर एफ/५०, म्हणजे उजेड आणखी चौपट कमी.

उजेड कमी म्हणून वेगवान फिल्म घ्यावी, तर तिचे कण मोठे. मग मघाची बारकाई गेली. उघडझाप मंद ठेवावी, तर श्वास, हृदयाचे ठोके आणि आतड्याची हालचाल चित्र पुसट करतात. ही कोंडी फिल्मच्या रसायनातच आहे. फिल्मवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी एक-दोनच टिकाऊ परिणाम घडवतात. सिलिकॉनचा संवेदक त्याच्या कितीतरी पट प्रकाशकण कामी लावतो.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेली सीसीडी ही चकती अशीच. या शोधाला २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिचे काम समजायला स्लॅब टाकताना उभी राहिलेली मजुरांची रांग आठवावी. प्रत्येकाच्या हातात घमेले आणि इशारा झाला की प्रत्येक जण आपले घमेले शेजाऱ्याकडे देतो. टोकाला बसलेला मुकादम आलेले प्रत्येक घमेले मोजून वहीत आकडा लिहितो. इथे घमेल्यात असतो तो प्रकाशामुळे साचलेला विद्युतभार. लक्षात घ्यावे, की घमेल्यातला माल स्वतः आकडा नसतो. मोजल्यावर आकडा होतो. ‘डिजिटल’पणा त्या मोजणीत आहे.

तेव्हा आमच्या मते डिजिटलच्या विजयाचे पहिले खरे कारण सूक्ष्मता नव्हे. कमी उजेडात, कमी वेळात चित्र घेण्याची क्षमता हे ते कारण आहे.

फिल्मची बाजू

न्याय करायचा तर फिल्मच्या बाजूचे मुद्देही नीट मांडले पाहिजेत. पहिला मुद्दा जाळीचा. फिल्मवरचे कण कसेही विखुरलेले असतात. संवेदकावरचे चित्रबिंदू मात्र कवायतीतल्या मुलांसारखे ओळीत उभे. तंतूंची रचनाही जवळजवळ नियमित. दोन नियमित जाळ्या एकमेकींवर आल्या की नसलेल्याच लाटा दिसू लागतात. मच्छरदाणीच्या कापडाचे दोन थर एकमेकांवर थोडे तिरके धरून पाहा, तशाच लाटा उमटतील. तंतू-दुर्बिणीला डिजिटल कॅमेरा जोडल्यावर या लाटा चित्रात शिरतात आणि त्या घालवायला चित्र मुद्दाम किंचित धूसर करावे लागते. फिल्मला हा त्रास नाही.

दुसरा मुद्दा चकाकीचा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. टोकापासून एक सेंटीमीटरवरची भिंत तीन सेंटीमीटरवरच्या भिंतीपेक्षा नऊपट उजळ दिसते. त्यातच ओल्या अस्तरावर दिव्याचे प्रतिबिंब चकाकते. जास्त उजेड पडला तर निगेटिव्ह फिल्म हळूहळू दमते आणि उजळ भागातही काही तपशील राखते. संवेदकाचे घमेले मात्र भरले की भरले. त्यापुढचा तपशील पांढऱ्या डागात नाहीसा होतो. पारदर्शिकाही या बाबतीत फारशी सहनशील नव्हती, हे मात्र सांगायला हवे.

तिसरा मुद्दा मूळ प्रतीचा. धुतलेली पारदर्शिका ही एक वस्तू आहे. शंभर वर्षांनीही ती उजेडासमोर धरली की चित्र दिसते, फिकटलेले का होईना. याउलट १९८० आणि १९९० च्या दशकांत अंतर्दर्शनाची असंख्य दृश्ये व्हीएचएस फितींवर नोंदली गेली. त्या फिती वाजवणारी यंत्रे बनवणे २०१६ मध्ये थांबले. फीत शाबूत असूनही चित्र हरवू शकते, हा धोका फिल्मला माहीत नव्हता. अर्थात फिल्मचे दुसरे परावलंबन होते. प्रसिद्ध कोडाक्रोम पारदर्शिका धुण्याचे जगातले शेवटचे दुकान अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होते. तिथे २०१० च्या डिसेंबरअखेर ते काम बंद झाले. त्यानंतर न धुतलेल्या रोलातली रंगीत चित्रे कायमची गेली.

चित्र केव्हा हाती येते?

आता आपण तुलनेच्या गाभ्याशी येतो. १९५० च्या सुमारास टोकियोतील डॉ. तात्सुरो उजी यांनी ऑलिंपस कंपनीचे अभियंते मुत्सुओ सुगिउरा आणि मासाहारू फुकामी यांच्या मदतीने ‘गॅस्ट्रोकॅमेरा’ बनवला. लवचीक नळीच्या टोकाशी भिंग, इवलासा दिवा आणि काही मिलिमीटर रुंदीची फिल्मची पट्टी. बाहेरून तार ओढली की फिल्म पुढे सरके. डॉक्टरांना आतले काहीच दिसत नसे. खोलीत अंधार करत, दिवा चमके तेव्हा पोटाच्या भिंतीतून बाहेर झिरपणाऱ्या उजेडावरून कॅमेरा जठरात कुठे आहे याचा अंदाज बांधत आणि चित्रे घेत जात. काय टिपले गेले ते फिल्म धुतल्यावर कळे.

या आंधळ्या कॅमेऱ्याला हसू नये. जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. गॅस्ट्रोकॅमेऱ्याची चित्रे आणि बेरियमची क्ष-किरण चित्रे यांची शस्त्रक्रियेत काढलेल्या जठरांशी बारकाईने तुलना झाली. त्या अभ्यासातून आरंभीचा कर्करोग कसा दिसतो हे उमगत गेले आणि १९६२ मध्ये जपानमधील अंतर्दर्शनतज्ज्ञांच्या संस्थेने त्याचे बाह्यरूपावरून वर्गीकरण केले. हे श्रेय फिल्मचे आहे आणि ते कुणी हिरावून घेऊ नये. शांतपणे, पुन्हा पुन्हा, दहा जणांनी मिळून एकच चित्र पाहण्याची सोय तिने दिली.

पण त्या खाटेवरच्या रुग्णाचे काय? चित्र धुऊन आले तेव्हा तो घरी गेलेला असे. चित्र हलले असेल, काळे आले असेल किंवा नेमकी संशयाची जागा चौकटीबाहेर राहिली असेल, तर नळी पुन्हा गिळण्यावाचून गत्यंतर नव्हते. तंतू-अंतर्दर्शक आल्यावर डॉक्टरांना आत दिसू लागले आणि छायाचित्राची भूमिका बदलली. पाहत होता डोळा. फिल्म केवळ साक्षीदार होती. हा साक्षीदारही उशिरा बोलणारा. झटपट उमटणारी फिल्म होती, पण तिची एकच प्रत निघे. दुसऱ्या कुणाला त्याच वेळी पाहायचे असेल तर प्रकाश दोन वाटांनी विभागणारी जोडनळी लावावी लागे. विद्यार्थ्याला दिसावे म्हणून डॉक्टरांच्या डोळ्यातला अर्धा उजेड काढून घ्यायचा, असा तो व्यवहार होता.

१९८३ मध्ये अमेरिकेतील वेल्च अ‍ॅलिन कंपनीने सीसीडी चकतीच नळीच्या टोकात बसवली. प्रतिमा वाहून नेणाऱ्या तंतूंची गरज संपली, दृश्य पडद्यावर आले आणि खोलीतल्या सर्वांना एकाच वेळी दिसू लागले. ताठ दुर्बिणीच्या मागेही छोटा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा जोडला गेला. त्याचा परिणाम छायाचित्रणापुरता राहिला नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेत सर्जन एकटाच दुर्बिणीला डोळा लावून असेल तर मदतनिसाचे हात आंधळे राहतात. पडद्यामुळे चार हात एकाच दृश्यावर चालू लागले. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये केली होती. ती पडद्याच्या मदतीने १९८७ नंतर फ्रान्समधून जगभर पसरली. भारतात ती १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी प्रथम केली. आज तालुक्याच्या गावीही जी ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ होते, तिची मुळे या पडद्यात आहेत.

हे काम फिल्मने कधीच झाले नसते. फिल्म बारकाईत कमी पडत होती म्हणून नव्हे, तर चित्र पाहून हात हलवायचा असेल तेव्हा चित्र हात हलवण्याआधी यावे लागते म्हणून. तक्त्यात ‘वेग’ ही सातवी-आठवी ओळ असते आणि तिथे ‘सोय’ एवढाच शेरा असतो. आमच्या मते हीच पहिली ओळ असायला हवी.

याच्या उलट टोकाला गिळायच्या कॅमेऱ्याची गोळी आहे. २००१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. ११ × २६ मिलिमीटरची ही गोळी सेकंदाला दोन चित्रे या वेगाने सुमारे आठ तास चित्रे पाठवत लहान आतड्यातून जात असे. गुणाकार केला तर ५७,६०० चित्रे. छत्तीस चित्रांच्या रोलांत मोजायचे तर १६०० रोल! डिजिटल नसते तर ही कल्पनाच अशक्य होती. पण गंमत अशी, की ही गोळी चालवणाराही आंधळाच. चित्रे मागाहून पाहायची आणि राहिलेल्या जागेसाठी परत फिरायचे नाही. म्हणजे तंत्र अंकीय असूनही रीत गॅस्ट्रोकॅमेऱ्याचीच. फिल्म आणि डिजिटल यांच्यातली रेघ आपण समजतो तितकी सरळ नाही.

रंगावर किती विश्वास?

एका प्रश्नावर मात्र डिजिटलच्या चाहत्यांना आम्ही उत्तर मागतो. तो प्रश्न रंगाचा. अस्तर फिके आहे की लाल, सूज आहे की नाही, हे डॉक्टर बरेचसे रंगावरून ठरवतात. फिल्मचा रंगस्वभाव कारखान्यात ठरलेला असे. हॅलोजन दिव्याला एक फिल्म, झेनॉन दिव्याच्या सूर्यप्रकाशासारख्या उजेडाला दुसरी. जोडी चुकली तर चित्र पिवळे किंवा निळे येई आणि चूक उघड दिसे. डिजिटल यंत्रात पांढरे म्हणजे काय हे दर वेळी शिकवावे लागते. शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला दुर्बीण पांढऱ्या गॉजसमोर धरून बटण दाबतात ते यासाठीच. गॉज मळका असला किंवा हे करायचेच राहून गेले, तर पुढची सगळी चित्रे थोडी थोडी खोटे बोलतात, आणि तेही अगदी स्वच्छ, सुबक दिसत.

त्यात भर म्हणून यंत्र कडा ठसठशीत करते, अंधारा भाग उजळते आणि साठवताना चित्र आक्रसते. जेपीईजी पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ चित्रबिंदूंचे तुकडे पाडतात. बहुधा उजेडाच्या तपशिलापेक्षा रंगाचा तपशील अधिक गाळतात, कारण डोळ्याला तो सहसा जाणवत नाही. निसर्गदृश्यात हे चालते. ज्या चित्रात सारा अर्थ लालाच्या दोन छटांमध्ये दडलेला आहे, तिथे फार आक्रसलेले चित्र जपून वाचावे लागते.

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. रक्तातील हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते, लाल मात्र परतवते. त्यामुळे लाल प्रकाशात अस्तर एकसारखे दिसते आणि रक्तवाहिन्या उठून दिसतात त्या हिरव्या-निळ्यात. हिरवा जिलेटिन कागद डोळ्यांसमोर धरून आरशात खालच्या ओठाची आतली बाजू पाहा; बारीक वाहिन्या गडद दिसतील. नेत्रतज्ज्ञ हीच युक्ती वापरतात. अंतर्दर्शकात ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्ट्यांचा प्रकाश वापरून वरच्या थरातल्या केशवाहिन्या आणि खालच्या थोड्या मोठ्या वाहिन्या वेगवेगळ्या रंगांत दाखवता येतात. आरंभीच्या कर्करोगात या वाहिन्यांची नक्षी बिघडते. हिरवी काच फिल्मपुढेही लावता येत होती. पण एका बटणावर प्रकाश बदलून, बदललेले दृश्य पाहत पाहतच नळी पुढे नेणे फिल्मला शक्य नव्हते.

म्हणजे जो गुण तोच दोष. डिजिटल चित्र बदलता येते म्हणून उपयुक्त आहे आणि बदलता येते म्हणूनच संशयास्पद आहे. अलीकडे हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्यातील गाठी दाखवून देणाऱ्या संगणकप्रणालीला मान्यता मिळाली. आता चित्र माणसाआधी यंत्र वाचते. त्या यंत्राला शिकवलेली चित्रे आणि समोरचे चित्र यांचे रंग जुळत नसतील तर काय, हे विचारणे आपले काम आहे.

निवाडा

आमचा निवाडा असा. अंतर्दर्शनासाठी डिजिटल कॅमेरा सरस ठरला, तो अधिक बारीक पाहतो म्हणून नव्हे. थोड्या उजेडात भागवतो, चित्र वेळेवर देतो आणि ते अनेकांना एकदम देतो, म्हणून. सूक्ष्मतेत तो फिल्मच्या मागे होता तेव्हाच त्याने दवाखाना जिंकला होता. आजचे दहा लाखांहून अधिक चित्रबिंदूंचे अंतर्दर्शक ही त्यानंतरची कमाई आहे. फिल्मने दिलेली एक शिस्त मात्र त्याच्याबरोबर आली नाही. तिची मूळ प्रत आपोआप जपली जाई. आता ती जपण्याचा नियम माणसांनी करावा आणि पाळावा लागतो. न बदललेले चित्र ठेवणे, कोणत्या प्रकाशात आणि कोणत्या जुळणीवर ते घेतले ते त्याच्याबरोबर नोंदणे, आणि जुन्या फिती व पारदर्शिका वाचता येतात तोवर त्यांच्या प्रती करणे, हे ते नियम. ज्या रुग्णाची पाच वर्षांनी पुन्हा तपासणी व्हायची आहे, त्याच्यासाठी ‘पूर्वीपेक्षा लाली वाढली का’ या प्रश्नाचे उत्तर यावरच अवलंबून आहे.

शिक्षकांना आमची सूचना एवढीच, की कोणत्याही दोन साधनांची तुलना वर्गात आली की मुलांना तक्ता भरायला लावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. या साखळीतली कच्ची कडी कोणती? उत्तर कुणाला आणि केव्हा हवे आहे? आणि मिळालेले उत्तर मागाहून कुणी बदलले तर ते आपल्याला कळेल का? सूक्ष्मदर्शक, तापमापक, पर्जन्यमापक, कशावरही हे प्रश्न विचारून पाहावेत. शाळेतली एखादी जुनी वस्तू मग कपाटातून बाहेर काढावीशी वाटेल, तर एखादी नवी घेण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारले जातील.